पांढरीचे रंग

आजोबांची औंधची गोष्ट नेहमी बैलांपासून सुरू व्हायची. मायणीच्या वाटेवर कुठल्या बैलाच्या खुरात काटा गेला, मुक्कामाला कडबा कुणी दिला, थंडी कशी हाडात शिरत होती, हे सगळं सांगून झाल्याशिवाय ते औंधच्या वेशीत पाऊल टाकत नसत. लहानपणी मला याचा कंटाळा यायचा. मला यमाईची जत्रा हवी असायची, पाळणे, रेवड्या, खेळणी. आता वाटतं, ते बैलांवर एवढे रेंगाळायचे, कारण खरी गोष्ट फार थोड्या वेळात घडून गेली होती. सगळी मिळून तासाभराची.

आमचं गाव तेव्हा औंध संस्थानात होतं, आटपाडी महालात. संस्थान म्हणजे काही सलग मुलूख नव्हता. सगळी मिळून 72 गावं, आणि तीसुद्धा तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली. औंध एकीकडं, आटपाडी दुसरीकडं, कुंडल तिसरीकडं, गुणदाळ तर पार विजापूरच्या बाजूला. आपल्याच राजाच्या गावाला जायचं तरी बैलगाडीनं दोन मुक्काम पडत. आजोबांचं वय तेव्हा बारा-तेरा. जत्रा पौषातली. वडील देवीच्या रांगेत उभे आणि पोरं मोकळी. डोंगरावर मूळपीठाच्या यमाईचं देऊळ, आणि त्याच डोंगराच्या अंगावर, निम्म्या वाटेत, एक नवी इमारत. श्री भवानी संग्रहालय 1938 साली उभं राहिलं; आजोबा गेले ते त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत. दारात कुणी अडवलं नाही म्हणून ते आत शिरले.

"भितीवर एक बाई हुती," ते सांगत. "येवढी मोठी. जितीच वाटावी. जवळ गेलो तर बाई न्हाईच, नुसते रंगाचे फराटे. मागं सरलो, बाई परत आली. पुन्यांदा जवळ गेलो, पुन्यांदा फराटे. असा पुढं-मागं, पुढं-मागं करत बसलो. रखवालदार म्हनला, पोरा, नाचतुयास काय?"

ती बाई कुणाच्या चित्रातली, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. औंधच्या संग्रहात रविवर्म्याची चित्रं आहेत, धुरंधरांची आहेत. मोठेपणी मी तिथं गेले तेव्हा एकेका चित्रासमोर पुढं-मागं होऊन पाहिलं. पण आजोबा बरोबर नव्हते, खूण पटवायला कुणी नव्हतं.

त्यांच्या घरात चित्र नव्हतं असं नाही. देव्हाऱ्याच्या वर काचेत बसवलेली लक्ष्मी होती, रविवर्मा छापखान्याची. हा छापखाना 1894 साली मुंबईत सुरू झाला आणि पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथं छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतीनं खेड्यापाड्यातल्या भिंती व्यापल्या. आजोबांना वाटायचं, गिरणीतून धोतरं येतात तशी छापखान्यातून चित्रं येतात. त्यामागं एखाद्या माणसाचा हात असतो, त्या हाताला सकाळी कंटाळा येतो, एखादा रंग चुकतो, तो पुन्हा लावावा लागतो, हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. ते त्यांना औंधच्या त्या फराट्यांनी सांगितलं. "मानसानं काढलंय, हे मला तवा कळलं," एवढंच एक वाक्य ते हळू आवाजात बोलायचे.

परतल्यावर त्यांनी पाटीवर बैल काढला. वाटेत ज्याला काटा लागला होता तोच, एक पाय उचललेला. गुरुजींनी पाटी हातात घेतली, वर्गाला दाखवली, मान हलवली. मग पाढ्यांची वेळ झाली. पाटी एकच होती. आजोबांनी फडकं ओलं करून बैल पुसला आणि सतराचा पाढा लिहिला.

माझ्या आजोबांचं कलाशिक्षण इतकंच. एक तास संग्रहालयात आणि गुरुजींची एक नजर. त्या बळावर माणूस सत्तर वर्षं ती गोष्ट सांगत राहिला. मी चौतीस वर्षं खेड्यातल्या शाळेत चित्रकला शिकवली, आणि त्या सगळ्या वर्षांत मला याहून मोठा पुरावा मिळाला नाही.

औंधच्या त्या राजाविषयी थोडं सांगायलाच हवं. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, लोक त्यांना बाळासाहेब म्हणत. 1909 साली ते गादीवर आले. सूर्यनमस्कारांचे ते एवढे कैवारी की त्यांच्या शाळांत नमस्कार घातल्याशिवाय दिवस सुरू होत नसे. आजोबा ऐंशीव्या वर्षीही बारा नमस्कार घालून मगच चहाला बसत. पण हा राजा कीर्तन करायचा आणि चित्रंही काढायचा. नुसता हौशी नव्हे. त्यांचं चित्ररामायण 1916 साली छापून निघालं. भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली तेव्हा पैशांचं वचन याच राजानं दिलं आणि तिच्यासाठी कुंचलाही धरला. अजिंठ्याची चित्रं उतरवून घेण्यासाठी ते चित्रकारांना घेऊन तिथं गेले. एवढा संग्रह जमल्यावर तो पुण्याला नाही, मुंबईला नाही, औंधच्या डोंगरावर ठेवला. माझ्या दृष्टीनं त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच. हेन्री मूरचं 'माता आणि मूल' हे शिल्प आज एका खेड्यात आहे, देवीच्या पायवाटेवर. मेंढरं राखणाऱ्या पोराला ते बघायला तिकीट काढून लंडनला जावं लागत नाही.

मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 साली निघालं. पण आमच्या दुष्काळी मुलखातली माणसं मुंबईला गेली ती गिरणीत आणि गोदीत. जे. जे.च्या फाटकातून आत जायचं असतं, हे त्यांना कोण सांगणार? जे. जे.त शिकून उलट्या दिशेनं, खेड्याकडं आलेला एक माणूस मात्र औंधच्या गोष्टीत आहे. श्रीपाद दामोदर सातवळेकर. आपण त्यांना वेदांचे पंडित म्हणून ओळखतो. शंभरी ओलांडून 1968 साली ते गेले. पण मुळात ते चित्रकार. लाहोरला त्यांचा चित्रांचा व्यवसाय होता, तो सोडून ते औंधला येऊन राहिले. त्यांचे पुत्र माधव सातवळेकर औंधच्या या हवेत वाढले, युरोपात चित्रकला शिकून आले, आणि पुढं महाराष्ट्राच्या कला संचालनालयाचे संचालक झाले. हे संचालनालय 1965 साली स्थापन झालं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा तेच घेतं. माझ्या एलिमेंटरीच्या प्रमाणपत्रावर त्याच कार्यालयाचा शिक्का आहे. आजोबांना मी हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी ते प्रमाणपत्र पालथं करून मागची बाजूही पाहिली. "म्हंजी औंधचंच हाय की," ते म्हणाले. तसं ते नव्हतं, आणि तरी थोडंसं होतं.

आजी या गोष्टीत कधी बोलायची नाही. तिनं औंध पाहिलं नव्हतं. पण चित्रं ती काढायची. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या दिवशी भिंत शेणानं सारवून, ती वाळायच्या आत चुना आणि काव यांनी बैलांची रांग उतरायची. नागपंचमीला नाग. दिवाळीत दारात शेणाच्या गवळणी, प्रत्येकीच्या डोक्यावर इवलीशी घागर. पाचव्या दिवशी गवळणी उचलल्या जायच्या, बैल पावसानं धुऊन जायचे. तिला कुणी चित्रकार म्हटलं नाही आणि तिनंही स्वतःला म्हटलं नाही. तिचे बैल मात्र शाळेतल्या तक्त्यावरच्या बैलासारखे नसत. पाठीची रेघ ती एका दमात ओढायची, वशिंडापासून शेपटीपर्यंत, मधे हात उचलायची नाही. पुढं कोल्हापूरला एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करताना आम्हाला रेषेतला प्राण यावर तास असायचा. मी वहीत टिपणं घेत होते आणि डोळ्यांसमोर आजीचं मनगट होतं.

खेड्यात कला न्यायची, असं शहरातली माणसं मोठ्या तळमळीनं म्हणतात. त्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण खेडं चित्राविना कधीच नव्हतं. धनगरांच्या गजी ढोलावर पावलं पडतात त्यात नृत्य आहे, घोंगडी विणणाऱ्याच्या काठात नक्षी आहे, कुंभाराच्या चाकावर आकार आहे. आमच्या पोरांना उणीव होती ती वेगळ्याच गोष्टीची. त्यांनी काढलेलं कुणी बघत नव्हतं. आजीची भिंत कुणी पाहिली नाही आणि आजोबांची पाटी एकदाच कुणी पाहिली. फरक पडला तो तेवढ्यानं.

माझ्या वाट्याला असा बघणारा माणूस आला. हायस्कूलला आमचे चित्रकलेचे सर. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. सायकलच्या कॅरिअरला पोस्टर कलरच्या बाटल्यांचं खोकं, बाहीला कायम कसला तरी रंग. ते आमच्या कागदाला कधी पेन्सिल लावत नसत. चूक झाली तर शेजारी कोऱ्या कागदावर काढून दाखवत आणि तो कागद चुरगळून खिशात टाकत, म्हणजे आम्ही त्याची नक्कल करू नये. आमच्या गणिताच्या वह्यांची शेवटची पानं ते मागून घेत. खरी चित्रं तिथं असतात, असं त्यांचं म्हणणं.

1981 साली आम्ही सात मुलं एलिमेंटरीला बसलो. केंद्र तालुक्याला. पहाटेची एसटी, एकेकाच्या हातात पॅड, कंपासपेटी, पाण्याचा डबा. वस्तुचित्राला तांब्या, बादली आणि भोपळा मांडला होता. माझी जागा खिडकीशी, त्यामुळं बादलीवर ऊन सरकत होतं आणि मी सावली तीनदा पुसली. स्मरणचित्राला दिलेल्या विषयांत पाणवठा होता. आजूबाजूला सगळे नदी काढत होते, डोक्यावर घागरी घेतलेल्या बायका, मागं डोंगर. मी मात्र हौद आणि पाण्याची गाडी काढली. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर आईबरोबर मला नेलेलं होतं, मी चार वर्षांची होते, आणि तिथं पाण्याची गाडी आली की बायका धावत. तेवढंच आठवत होतं. गाडीची चाकं मला नीट जमली नाहीत. बायकांचे पाय जमले.

बी श्रेणी मिळाली. सर म्हणाले, चाकांमुळं ए गेली, पण चाकं येतील. धावणं शिकवता येत नाही, ते तुला येतं. त्या वाक्यावर मी शिक्षक झाले असं म्हटलं तर चालेल.

नोकरी लागली ती माण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत, 1990 साली. पाचवी ते दहावी, प्रत्येक तुकडीला आठवड्यातून दोन तास. पहिल्या आठवड्यात मी सगळ्या वर्गांना एकच विषय दिला, निसर्गचित्र. सगळ्या वर्गांतून एकच चित्र परत आलं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवता सूर्य, निळी नदी, काठाला नारळाची दोन झाडं, कौलारू घर. त्या मुलांतल्या कुणी नदीकाठचा नारळ पाहिला नव्हता. माणगंगा वर्षातून बहुतेक दिवस कोरडी असते. हे चित्र कुठून आलं, ते कुणी शिकवलं, याचा शोध मला लागला नाही. ते पोरांच्या हातात आधीपासून होतं, पाठ केलेल्या श्लोकासारखं.

दुसऱ्या आठवड्यात मी सातवीला घेऊन नदीच्या पात्रात गेले. बसा म्हटलं, दिसतं ते काढा. एक पोरगी कागदाकडं बघत बराच वेळ नुसती बसली. मग म्हणाली, "मॅडम, नदीला निळा लावायचा ना?"

"पाणी दिसतंय का?"

"न्हाई."

"मग?"

तिनं आजूबाजूला पाहिलं. तपकिरी, करडा, पिवळसर, बाभळीचा काळपट हिरवा. रंगपेटीतल्या बारा वड्यांत यातला एकही रंग नव्हता. तो दिवस मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्या दिवशी रंगपेटी अपुरी आहे हे मुलांना कळलं. आपलं गाव अपुरं आहे, असं त्यांना वाटलं नाही.

मग आम्ही रंग करायला शिकलो. आपल्याकडं गावठाणाच्या मातीला पांढरी म्हणतात आणि रानाच्या मातीला काळी. पोरांनी घरामागची पांढरी आणली, रानातली काळी आणली, टेकाडावरचा तांबडा मुरूम आणला. माती कुटायची, पाण्यात ढवळायची, जड खडे तळाला बसू द्यायचे, वरचं गढूळ पाणी फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळायचं. ते निवळलं की खाली लोण्यासारखा गाळ राहतो. तो वाळवायचा, वस्त्रगाळ करायचा, आणि बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून त्यात खलायचा. डिंक कमी पडला तर चित्र हाताला लागतं, जास्त झाला तर कागद आखडून पापडासारखा वळतो. प्रमाण मुलांनीच शोधलं, माझ्याआधी. चुलीवरच्या तव्याची काजळी काळ्याला, चुना पांढऱ्याला, फाल्गुनात पळसाची फुलं उकळून केशरी. पळसाचा रंग उन्हात उडतो, हेही कळलं. आठवीच्या एका मुलानं कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, आमच्या रानाचा रंग, आणि खाली गट नंबर.

हे करताना मला वाटायचं, मी काही नवं करतेय. मग एका वाचनालयात देवीप्रसाद यांचं 'शिक्षा का वाहन : कला' हातात पडलं. देवीप्रसाद शांतिनिकेतनचे, नंदलाल बोसांचे विद्यार्थी. 1944 साली ते वर्ध्याजवळ सेवाग्रामला आले आणि नई तालीमच्या शाळेत जवळजवळ अठरा वर्षं मुलांना चित्रकला आणि कुंभारकाम शिकवलं. महाराष्ट्रातल्या एका खेड्यात, सूत कातणाऱ्या मुलांच्या शाळेत, कला हा शिक्षणाचा पाया मानून एक माणूस एवढी वर्षं काम करत होता, आणि माझ्या एटीडीच्या दोन वर्षांत मला कुणी त्यांचं नाव सांगितलं नव्हतं. मला त्याचा राग आला, अजून येतो. त्यांचे गुरू नंदलाल बोस त्याआधी 1936 साली खानदेशात फैजपूरला आले होते. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. गांधीजींनी सजावट त्यांच्यावर सोपवली आणि त्यांनी ती बांबूसारख्या गावात मिळणाऱ्या साध्या सामानातून उभी केली. आपल्याच मातीत हे सगळं घडून गेलंय. फैजपूर जळगाव जिल्ह्यात, सेवाग्राम वर्ध्यात, औंध साताऱ्यात. आमच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात यातलं एकही गाव नाही.

वारली चित्रांचंही मला असंच काही म्हणायचं आहे, आणि ते गैरसमज होऊ न देता म्हणायचं आहे. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी लग्नात भिंतीवर काढायच्या चौकातून ही चित्रं कागदावर आणली, जगभर नेली, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्यांच्याविषयी अपार आदर आहे. पण आज आमच्या भागात कुठल्याही शाळेच्या भिंतीवर बघा, त्रिकोणी अंगाची वारली माणसं तारपा वाजवत नाचताहेत. आमच्या मुलखात तारपा नाही. वारल्यांचा चौक ही त्यांच्या सवाशिणींच्या हातची, त्यांच्या देवीची, त्यांच्या लग्नातली गोष्ट आहे. आमच्या पोरांच्या आज्या बेंदराला भिंतीवर काय काढायच्या, हे त्या भिंतींवर कुठंच नाही. एकदा मी मुलांना घरी जाऊन आजीला विचारून यायला सांगितलं. चाळीस मुलांपैकी सहा जणांच्या आज्यांना बैल काढता येत होते. त्यातल्या एकीला मी शाळेत बोलावलं. त्या आल्या, फळ्याजवळ गेल्या, खडू हातात घेऊन म्हणाल्या, "ही भित वली न्हाई." मग आम्ही शाळेची मागची भिंत शेणानं सारवली. त्यांनी बैल काढला आणि शेजारी उभ्या मुलीच्या हातात बोळा दिला. त्या दिवशी शिक्षिका त्या होत्या, मी बघणारी.

औंधला मी दरवर्षी एक वर्ग घेऊन जायचे. डोंगर चढताना मुलं पळत पुढं जातात आणि संग्रहालयात शिरल्यावर एकदम गप्प होतात. हेन्री मूरच्या शिल्पासमोर एक धनगराचा मुलगा बराच वेळ थांबला. मी विचारलं नाही, तोच म्हणाला, "नवं कोकरू झाल्यावर मेंढी अशीच बसती." मूरवर मी पुस्तकं वाचली आहेत. त्या वाक्याइतकं नेमकं मला त्यांत काही सापडलं नाही.

मग हळूहळू तास जाऊ लागले. आधी दहावीचे गेले, सराव परीक्षेच्या नावाखाली. मग नववीचे. वेळापत्रकात चित्रकला छापलेली असायची आणि वर्गात गणित चालू असायचं. मी तक्रार केली तेव्हा उत्तर मिळालं की निकाल महत्त्वाचा. पुढं रेखाकला परीक्षेला दहावीत सवलतीचे गुण मिळू लागले आणि अचानक चित्रकला पुन्हा सगळ्यांना हवी झाली. परीक्षेला गर्दी वाढली. पण त्या मुलांना नदीच्या पात्रात नेऊ का म्हटलं तर पालक विचारत, ते पेपरात येतं का? मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या रानात पाणी नाही, पोराला चार गुण जास्त मिळाले तर ते त्यांना हवेतच. दोष आहे तो चित्राला गुणांच्या दावणीला बांधणाऱ्या व्यवस्थेचा. मी निवृत्त झाले 2024 साली. त्या शाळेत चित्रकलेला स्वतंत्र शिक्षक अजून आलेला नाही.

आणि मी तरी हायस्कूलची शिक्षिका होते. वाड्यावस्त्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांत चित्रकलेचा शिक्षक असतच नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची मी अनेकदा वाचली आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी तिथं लिहिलंय की मुलांची संख्या शंभराच्या वर असेल तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत. अंशकालीन, आणि तेही शंभराच्या वर. पहिली ते पाचवीसाठी तेवढीही ओळ नाही. आमच्या भागातल्या वस्तीशाळेत पहिली ते पाचवी मिळून वीस-बावीस मुलं असतात. म्हणजे ज्या मुलाच्या घरी रंग नाहीत, गावात चित्राचं पुस्तक नाही, त्याच मुलाला कायद्यानंही यादीबाहेर ठेवलं. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं दहावीपर्यंत कला सक्तीची करा असं सुचवलं, 2020 च्या धोरणानं प्रत्येक विषयात कला मिसळा असं सांगितलं. ही वाक्यं चांगली आहेत. पण दोन शिक्षकांच्या शाळेत पाच इयत्ता सांभाळणाऱ्या बाईंनी ती कधी आणि कशी मिसळायची, हे कुणी सांगत नाही. सगळ्या शाळांना एकेक कलाशिक्षक मिळणार नाही, हे मलाही कळतं. पण जिल्हा परिषदेच्या शाळा केंद्रांत बांधलेल्या आहेत, एका केंद्राखाली दहाएक शाळा. प्रत्येक केंद्राला एक पूर्णवेळ कलाशिक्षक द्या. आठवड्यातून अर्धा दिवस एका शाळेला. एटीडी झालेली आणि घरी बसलेली मुलं आज प्रत्येक तालुक्यात आहेत. ही मागणी मोठी नाही. मी ती निवेदनांत लिहिली आहे, इथंही लिहिते आहे.

तोवर जे हातात आहे ते करते. गेली दोन वर्षं दर शनिवारी मी जवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत जाते. एकोणीस मुलं. कागद मी नेते, माती मुलं आणतात. गेल्या महिन्यात चौथीतल्या एका मुलानं बोअरची गाडी काढली. उंच मनोरा, खाली धुरळा, आणि धुरळ्यात तोंडाला पदर लावून उभी असलेली बाई. धुरळा त्यानं पांढरीनं केला होता, कोरड्या फडक्यानं कागदावर घासून. मी त्याला हे शिकवलं नव्हतं. चित्र घरी घेऊन गेला, तर वडिलांनी ते पत्र्याच्या खोलीत मीटरच्या शेजारी चिकटवलं. बोअरला पाणी लागलं नाही म्हणून ते आधी त्या चित्राकडं बघेनात, असं त्यानं मला सांगितलं. आता बघतात.

माझ्यासारखे निवृत्त झालेले कलाशिक्षक गावोगाव आहेत. त्यांना माझं सांगणं आहे, जवळच्या वस्तीशाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा आणि शनिवार मागून घ्या. शनिवारची शाळा सकाळची असते. पाटी नको, कागद न्या. कागद पुसावा लागत नाही.